डावीकडे कुणी आहे का?

ब्रेन स्ट्रोकनंतर बाबांचा हात सुधारला, चालणं सुधारलं. पण त्यांच्या जगाची अख्खी डावी बाजू गुपचूप रजेवर गेली होती… आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता!

एक साधा प्रयोग करा. ही ओळ वाचताना तुमची नजर कुठून कुठे जातेय ते बघा. डावीकडून निघाली, उजवीकडे पोचली आणि ओळ संपताच कुणी न सांगता टुणकन् उडी मारून पुन्हा डाव्या टोकाला आली. मेल्स, एक्सेल शीट्स, मेन्यूकार्ड, लोकलचं टाइमटेबल… दिवसभरात अशा किती उड्या आपण मारतो याचा हिशोबच नाही. डावीकडे काहीतरी आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं.

आता समजा, उद्यापासून ‘डावीकडे’ हा प्रकारच नाही. अंधार नाही, धूसर नाही, काळा पडदाही नाही. डावीकडे असं काही असतं हेच मुळात डोक्यातून गेलेलं. मग नजर तिकडे उडी मारेल कशाला?

माझ्या बाबांचं नेमकं हेच झालं.

थोडक्यात निभावलं?

२०२२ चा जुलै. बाबा साठ वर्षांचे. सरकारी नोकरीत आयुष्यभर अकाउंट्स सांभाळून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. आई-बाबा डोंबिवलीत आणि मी नोकरीसाठी पुण्यात, हिंजवडीला. त्या दिवशी सकाळी ते उठले तेच डावा हात जड आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. आईने शेजारच्या काकांना उठवलं, हॉस्पिटल गाठलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी निघाली.

दहा दिवसांनी बाबा घरी आले. बोलणं स्पष्ट. हातात हळूहळू ताकद येत होती. काठी घेऊन का होईना, चालत होते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘थोडक्यात निभावलं हो!’ डिस्चार्ज कार्डवर गोळ्या होत्या, बीपीचे आकडे होते, मीठ कमी, फिजिओथेरपी रोज, असं सगळं होतं.

मग एकेक गमती सुरू झाल्या. दाढी केली तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर खुंट तसेच. केसांवरून कंगवा फिरायचा तो निम्म्याच डोक्यावर. बाथरूमच्या दाराच्या डाव्या चौकटीला रोज खांदा आपटायचा. आत्या भेटायला आली आणि त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसली. अर्धा तास बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती बिचारी रुसून घरी गेली.

आणि जेवण! आपल्या मराठी पानाचा एक फंडा ठरलेला असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे; भाजी, आमटी उजवीकडे. बाबा भाजी-आमटी चाटूनपुसून संपवायचे आणि मग वैतागायचे, ‘‘आज चटणी नाही केलीस?’’ आई म्हणायची, ‘‘अहो, समोर तर आहे!’’ ‘‘कुठे समोर?’’ शेवटी आई चिडून पान अर्धं फिरवायची. मग बाबा थक्क. ‘‘ही आत्ता कुठून आली?’’

नातेवाइकांकडे उत्तरं तयारच होती. कुणी म्हणे विसरभोळेपणा, कुणी म्हणे रिटायर झालं की माणूस हट्टी होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून सांगितलं की डोळे ठीक आहेत. नवा चष्मा तेवढा पदरात पडला.

‘अशक्य’चं झालं ‘शक्य’

सगळ्यात जास्त गडबड झाली ती वाचनात. बाबा पेपरवेडे. सकाळी चहाबरोबर पहिल्या पानापासून शेअर बाजारापर्यंत सगळं वाचणार, मग शब्दकोडं. आता दहा मिनिटांत पेपर बाजूला टाकायला लागले. ‘‘हल्ली काहीही छापतात. एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध नाही.’’

एका शनिवारी मी शेजारी बसून त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. तेव्हा कळलं, की बाबा प्रत्येक ओळ मधूनच सुरू करत होते. डावीकडचे दोन-तीन शब्द गायब. मग वाक्याचा अर्थ लागणार कसा? त्यात सुटे शब्दही डावीकडून कुरतडलेले. ‘सकाळ’चं ‘काळ’, ‘किमान’चं ‘मान’. कधी कधी तर डावीकडचं अक्षर ते स्वतःच बसवायचे, ‘पालक’चं ‘बालक’ करून मोकळे.

आणि आपल्या भाषेची एक गंमत मला तेव्हा पहिल्यांदा कळली. मराठीत नकार बऱ्याचदा शब्दाच्या डाव्या टोकाला बसतो! अशक्य, अविश्वास, अनियमित, नापास. डावं टोक गेलं की जग एकदम पॉझिटिव्ह. बाबांनी त्या दिवशी ‘अविश्वास ठराव’ ही हेडलाइन ‘विश्वास ठराव’ अशी वाचली आणि म्हणाले, ‘‘चला, सरकार वाचलं!’’ आम्ही दोघी खो-खो हसलो. बाबाही हसले, पण आम्ही का हसतोय ते त्यांना कळलं नव्हतं.

पासबुकाच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. आकड्यातला सगळ्यात मोठ्या किमतीचा अंक कुठे असतो? सगळ्यात डावीकडे. पेन्शन जमा झाली ३१,२००. बाबांनी वाचली १,२००. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पैशापैशाचा हिशोब जुळवला, त्याला वाटलं की आपली पेन्शन कापली. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी बँकेत तक्रारीचा अर्ज घेऊन जायला निघाले होते. आईने कसंबसं थांबवलं.

दोन वॉचमनची गोष्ट

फिजिओथेरपिस्टने आम्हाला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं आणि पहिल्यांदा या प्रकाराला नाव मिळालं. तिने बाबांसमोर कागद ठेवला. त्यावर एक आडवी रेघ. ‘‘काका, हिच्या बरोब्बर मधोमध खूण करा.’’ बाबांनी आत्मविश्वासाने खूण केली ती पार उजवीकडे. दुसऱ्या कागदावर भरपूर चांदण्या होत्या. ‘‘सगळ्या छोट्या चांदण्यांवर काट मारा.’’ उजव्या अर्ध्यातल्या सगळ्या काटल्या, डाव्या अर्ध्याला हातसुद्धा लावला नाही. आणि घड्याळ काढायला सांगितलं तर एक ते बारा सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने, गर्दीच्या लोकलसारखे. डावी बाजू कोरी.

‘‘झालं!’’ म्हणून बाबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या दृष्टीने घड्याळ पूर्ण होतं.

याला ‘युनिलॅटरल निग्लेक्ट’ म्हणतात. म्हणजे एका बाजूकडे लक्षच न जाणं. वाचताना त्याचा जो फटका बसतो तो ‘निग्लेक्ट डिस्लेक्सिया’. मराठीत दुर्लक्ष करण्याला आपण ‘डावलणं’ म्हणतो. बघा, शब्दातच डावं बसलंय!

थेरपिस्टने फंडा सोपा करून सांगितला. समजा, सोसायटीला दोन वॉचमन आहेत. मेंदूच्या डाव्या भागातला वॉचमन मुख्यतः उजव्या गेटवर लक्ष ठेवतो. उजव्या भागातला जरा सीनियर, तो दोन्ही गेट सांभाळतो. डावा वॉचमन आजारी पडला तरी सीनियर निभावून नेतो. पण सीनियरच आडवा झाला तर? उजव्या गेटवर अजून माणूस आहे, डावं गेट उघडं पडलं. उजव्या मेंदूत स्ट्रोक झालेल्यांना हा त्रास जास्त आणि जास्त काळ का होतो, याचं हे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे.

डोळ्यांचा इथे काही दोष नसतो. स्ट्रोकनंतर काहींच्या नजरेचं अर्धं क्षेत्र खरोखरच जातं, त्याला ‘हेमिअ‍ॅनोपिया’ म्हणतात. तो वेगळा प्रकार. तिथे माणसाला आपलं काहीतरी गेलंय हे बहुतेक वेळा उमगतं आणि तो मान वळवून भरपाई करायला शिकतो. निग्लेक्टमध्ये मान वळवायची गरजच वाटत नाही. अर्थात, काही पेशंट्सना दोन्ही एकदम असतात, म्हणून नीट तपासणी हवी.

मिलानचा चौक आणि फडके रोड

मग मी वाचत सुटले. एक प्रयोग वाचून तर झोपच उडाली. १९७८ मध्ये इटलीत बिसियाक आणि लुझात्ती या दोन संशोधकांनी निग्लेक्ट असलेल्या पेशंट्सना सांगितलं, की मिलानमधला कॅथीड्रलचा प्रसिद्ध चौक डोळ्यांसमोर आणा. तुम्ही चौकाच्या या टोकाला, कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतं? पेशंट्सनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग विचारलं, आता कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा, तोंड चौकाकडे. आता काय दिसतं? मघाशी ज्या इमारती गाळल्या होत्या त्या धडाधड आठवल्या आणि मघाशी सांगितलेल्या गायब झाल्या!

समोर चौक नव्हता, नुसती आठवण होती. त्या आठवणीचीही डावी बाजू हरवलेली!

मिलान नाही तर डोंबिवली. एका संध्याकाळी चहा पिताना मी बाबांना म्हटलं, ‘‘बाबा, फडके रोडवर स्टेशनकडून गणपती मंदिराकडे निघालो, तर काय काय लागतं?’’ तीस वर्षांचा रोजचा रस्ता. त्यांनी मेडिकल सांगितलं, कापडाचं दुकान सांगितलं, चप्पलवाला सांगितला. सगळे उजव्या हाताचे. मग म्हटलं, ‘‘आता देवळातून दर्शन घेऊन स्टेशनकडे परत निघालो…’’ तर फरसाणवाला आला, स्टेशनरीचं दुकान आलं, त्यांचा नेहमीचा टेलर आला. मेडिकल, चप्पलवाला गेले कुठे?

दोन्ही वेळा बाबा प्रामाणिकपणे उत्तर देत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिने ‘अहो, समोर तर आहे’ म्हणणं सोडलं.

स्कूटरची किल्ली

त्या दिवाळीत बाबांनी स्कूटरची किल्ली मागितली. डॉक्टरांनी गाडी चालवायला स्पष्ट मनाई केली होती. पण बाबांचं एकच, ‘‘मला सगळं व्यवस्थित दिसतंय. तुम्ही दोघी मिळून मला म्हातारा करताय.’’

इथे मला हॉवर्ड एंगेल आठवतो. हा कॅनडातला डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारा लेखक. २००१ च्या जुलैमध्ये एका सकाळी त्याने दारातला पेपर उचलला आणि त्याला वाटलं, की आज हा सर्बो-क्रोएशियन भाषेत छापलाय की काय! अक्षरं दिसत होती, पण एकही वाचता येईना. तोही स्ट्रोकच होता, मात्र मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात. कमाल म्हणजे त्याला लिहिता येत होतं, फक्त आपण लिहिलेलं वाचता येत नव्हतं! असा पेशंट फ्रेंच डॉक्टर देजेरीन यांनी १८९२ मध्येच नोंदवून ठेवला होता. एंगेल पुन्हा एकेक अक्षर शिकला, अक्षराचा आकार जिभेने दातांमागे गिरवून ओळखायला लागला आणि २००५ मध्ये त्याची ‘मेमरी बुक’ ही नवी कादंबरी आली. तिच्यातल्या डिटेक्टिव्हलाही हाच त्रास!

पण एंगेलला आणि बाबांना झालेल्या त्रासात एक मोठा फरक होता. आपल्याला वाचता येत नाही हे एंगेलला पहिल्या मिनिटाला कळलं. म्हणून तो कामाला लागला. बाबांच्या दृष्टीने काही हरवलंच नव्हतं. मग ते शोधणार काय? आणि अशा माणसाच्या हातातून स्कूटरची किल्ली काढून घ्यायची म्हणजे त्याच्यासाठी तो शुद्ध अन्याय.

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी जेवताना आईने नेहमीसारखं पान फिरवलं आणि कोशिंबीर ‘आली’. बाबा बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग अकाउंट्सच्या माणसासारखं बोलले, ‘‘माझा हिशोब आणि तुमचा हिशोब जुळत नाहीये. रोजच फरक येतोय. म्हणजे माझ्याकडून एक नोंद सुटतेय.’’

थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘कोशिंबीर सुटली तर ठीक आहे. रस्त्यावर त्या जागी पोर असलं तर?’’

किल्लीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. महिन्याभरात स्कूटर चुलतभावाने नेली. ती गेली तेव्हा बाबा खिडकीत उभे होते.

टिकल्यांचं पाकीट

खरी ट्रेनिंग त्यानंतर सुरू झाली, कारण आता बाबा स्वतः त्यात होते. निग्लेक्टवर जादूची गोळी नाही. सुरुवातीच्या आठवड्या-महिन्यांत बऱ्याच जणांचा त्रास आपोआप कमी होतो, काहींचा रेंगाळतो. बाकी सगळा खेळ सवयीचा. नजरेला मुद्दाम डावीकडे न्यायला शिकवायचं, हजार वेळा. प्रतिमा उजवीकडे सरकवणारे प्रिझमचे चष्मे लावून व्यायाम करायची पद्धतही आहे. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ती मांडली. पण तिचा उपयोग प्रत्येकाला सारखाच होतो असं नाही.

आमच्या थेरपिस्टने वापरली ती जुनी, स्वस्त आणि मस्त युक्ती. पानाच्या डाव्या कडेला लाल जाड रेघ मारायची. नियम एकच, की लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे जात राहायचं. ती दिसली की मगच ओळ वाचायला सुरुवात. आईने त्यात स्वतःची भर घातली. लाल टिकल्यांचं एक पाकीट आणलं आणि घरभर लावत सुटली. ताटाच्या डाव्या काठाला टिकली, बाथरूमच्या चौकटीला टिकली, आरशाला टिकली. पासबुकाच्या प्रत्येक ओळीच्या डावीकडे टिकली. पेपरला रोज नवीन. बाबा म्हणायचे, ‘‘घराचं हळदीकुंकू चाललंय!’’

पेपर वाचायला पट्टी, टिकली आणि एक बोट. आधी चार ओळींना वीस मिनिटं लागायची आणि घाम फुटायचा. मग बाबांनी स्वतःचा एक चेक काढला. वाक्याचा अर्थ लागला नाही की ‘ताळा चुकला’ म्हणायचं आणि पुन्हा टिकलीकडे जायचं. आधी अर्थ लागला नाही की ते छापणाऱ्याला दोष देत. आता ‘नोंद सुटली’ म्हणतात. सगळी सुधारणा खरं तर या एका वाक्यात आहे.

‘तुझा मेसेज आला असेल म्हणून…’

एक गोष्ट मात्र आम्हा कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती कळली डिसेंबरमध्ये. बाबा सहज बोलून गेले, ‘‘ऑफिसच्या ग्रुपवर मी एवढं लिहितो, कुणी उत्तरच देत नाही. आजारी माणसाशी कोण बोलणार म्हणा! तूही कामात असतेस. पूर्वी रोज मेसेज करायचीस.’’

मी तर रोजच करत होते! सकाळी ‘गुड मॉर्निंग, गोळी घेतलीत का?’ आणि रात्री दिवसभराचा रिपोर्ट. उत्तर यायचं नाही तेव्हा मला वाटायचं, टाइप करायचा कंटाळा येत असेल. मी त्यांचा फोन हातात घेतला आणि पोटात खड्डा पडला. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवलेलं उजवीकडे दिसतं आणि समोरच्याचं? डावीकडे! पाच महिने बाबांना त्या स्क्रीनवर बहुतेक फक्त स्वतःचंच बोलणं दिसत होतं. सगळं जग त्यांच्याशी बोलत होतं आणि त्यांच्या लेखी शांतता होती.

त्या संध्याकाळी आईने फोनच्या कव्हरवर डाव्या काठाला टिकली लावली. बाबा बोट धरून तिथपर्यंत गेले आणि एकेक मेसेज वाचायला लागले. माझे, आत्याचे, ग्रुपवरच्या देशपांडेकाकांचे ‘लवकर बरे व्हा’. सगळं वाचून होईपर्यंत आईने दोनदा चहा गरम केला.

आता मी मेसेज पाठवला की उत्तर येतं. कधी तासाभराने, कधी जेवणानंतर. एकदा मी काहीच पाठवलं नव्हतं तरी फोन आला, ‘‘तुझा मेसेज आला असेल म्हणून डावीकडे शोधलं. नाही दिसला. नाहीये, की मलाच दिसत नाहीये?’’

तुमच्यासाठी एवढंच

तुमच्या घरी किंवा मित्राच्या घरी स्ट्रोकमधून उठलेलं कुणी असेल, तर हातापायांबरोबर ताटाकडेही बघा. अर्धं पान तसंच राहतंय का? एकाच गालाची दाढी होतेय का? एका बाजूला वारंवार धडक, मधूनच सुरू होणारी ओळ, आकड्यातला पहिला अंक गळणं… यातलं काहीही दिसलं तर हट्ट, आळस, म्हातारपण अशी लेबलं लावत बसू नका. न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठा. आणि ड्रायव्हिंगचा निर्णय पेशंटच्या ‘मला सगळं दिसतंय’वर सोडू नका.

आणि अजून काही झालेलं नसेल, तर एवढं पाठ करा. अचानक तोल जाणं, नजरेत फरक, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघून १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.

बाबा आता पेपरची दोन पानं वाचतात. शब्दकोडं पूर्ण सुटत नाही, पण डाव्या कोपऱ्यातले चौकोन रिकामे राहिलेत हे ते स्वतः ओळखतात. दमले की संध्याकाळी डावी बाजू पुन्हा निसटते. वीकेंडला घरी गेले की मी मुद्दाम सोफ्यावर त्यांच्या डावीकडे बसते. कधी लगेच वळतात, कधी वेळ लागतो. कधी समोर टीव्हीकडे बघतच विचारतात, ‘‘डावीकडे कुणी आहे का?’’

‘‘आहे, बाबा.’’

आणि मग ते मान वळवतात.